तातडीचं: एक व्हीलचेअर पाहिजे

माणसांना एकत्र काम करायला लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत सांगत असे. ऑफिसात माझं तेच काम. कुठल्या टीमने कुठलं ॲप वापरायचं, निरोप कुठे टाकायचे, कामं कुठे लिहायची, हे सगळं मी ठरवतो. लोक मला शिव्या घालतात, पण मी सांगितलेलंच वापरतात. त्यामुळे ताईने जेव्हा सॉफ्टवेअरसाठी मदत मागितली तेव्हा मी चक्क हसलो. म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना? चार माणसं जमवतो. चुटकीसरशी होईल."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. एका इमारतीच्या तळमजल्यावर तिचं केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, दांडी फिरवली की डोक्याकडून वर होणारे पलंग. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने न्यायचं, बरं वाटलं की परत आणायचं. कोणती वस्तू कुणाकडे आहे ते फक्त ताईच्या डोक्यात. तुम्ही विचारायचा अवकाश, ती भाजी निवडता निवडता सांगणार, "डावं चाक कुरकुरतं ती खुर्ची ना? शिंपीणबाईंच्या सासऱ्यांकडे आहे. पण ते आता भिंत धरून चालतात. येईल परत."

आणि केंद्राचा एकच नियम. मदतनीसांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात कुणी 'तातडीचं' असं लिहिलं की आधी निघायचं, मग विचारायचं. कोण, का, कसं, हे सगळं वाटेत. हा नियम नीट ध्यानात ठेवा. मी ठेवला नाही.

अडचण अशी की भाची बाळंत होणार होती, आणि ती राहते लांब. ताईला दोन महिने तरी जायला हवं होतं. केंद्र सुरू झाल्यापासून ताई एक रात्र बाहेर राहिलेली नाही. भाचीच्या स्वतःच्या लग्नात ताई अर्धा वेळ फोनवर कुणाला तरी पलंगाचा नट कसा पिळायचा ते सांगत होती. फोटोत सगळे पुढे बघतायत, ताई पाना कसा धरायचा ते हवेत दाखवतेय.

भाचीने मला फोन केला. "मामा, आईला विचार, खुर्च्यांकडून सुट्टी मिळतेय का. नसेल मिळत तर आत्ताच सांग. मी सासूबाईंना सांगून ठेवते."

बोलली हसत, पण फोन काही ठेवेना. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. तुझ्या आईचं डोकं कॉम्प्युटरमध्ये उतरवतो आणि आईला तुझ्याकडे पाठवतो." शब्द दिला. मामाने दिला!

तर टीम. टीममध्ये माझ्याशिवाय तिघं, तिघंही हौसेने आलेले. फुकट काम करणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, ही गोष्ट मला ऑफिसात कुणी शिकवली नव्हती.

पहिला कुलूप. हा प्रोग्रॅम लिहिणारा, आणि अप्रतिम लिहिणारा. पण आपलं बोलणं कुठली तरी कंपनी ऐकतेय अशी त्याची पक्की खात्री. फोन बंद करून खिशात ठेवतो, आणि तो खिसाही चेनचा. दुसऱ्या रंगारीणबाई. ॲप कसं दिसावं ते ठरवणाऱ्या. त्यांना कुठलाही विचार रंगीत कार्डावर लिहून भिंतीला चिकटवल्याशिवाय विचार वाटत नाही. तिसरे ईमेलकाका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. ईमेल सोडून दुसरं काही वापरत नाहीत, आणि प्रत्येक उत्तराखाली आजवरचा सगळा पत्रव्यवहार शेपटीसारखा जोडून पाठवतात.

पहिली बैठक ताईच्या केंद्रातच झाली. तिथे बसायला साध्या खुर्च्या नाहीत, म्हणून सगळे व्हीलचेअरवर. वाद तापला की माणूस चाकं फिरवून पुढे यायचा, रुसला की मागे जायचा. काका तर ब्रेक लावायला विसरले आणि 'माझं एवढंच म्हणणं आहे की' म्हणत म्हणत दाराबाहेर गेले. फरशीला उतार आहे तिथे.

"आधी आपण बोलायचं कुठे ते ठरवू," मी म्हटलं. "ऑफिसात आम्ही निळं ॲप वापरतो. झकास आहे."

"ते तुमचं सगळं वाचतात," कुलूप म्हणाला.

"वाचू दे की. कुबड्यांबद्दल तर आहे."

"आज कुबड्या. उद्या?"

उद्या काय, हे त्याने सांगितलं नाही. पण असं काही बघितलं की मीही दोन सेकंद फोन उलटा ठेवला.

त्याचं म्हणणं, आपलं स्वतःचं ॲप हवं, आपल्याच मशीनवर. मशीन त्याच्याकडे होतंच. त्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर, फ्रिजच्या मागे ठेवलेला. जगातलं सगळ्यात सुरक्षित मशीन. फक्त त्याच्या आईने कपड्यांना इस्त्री करायला घेतली की फ्यूज उडायचा आणि आमचा सगळा प्रकल्प पृथ्वीवरून नाहीसा व्हायचा. मग त्या कपड्यांच्या घड्या घालून होईपर्यंत थांबायचं.

रंगारीणबाईंना बोर्डाचं ॲप हवं होतं, कार्डं इकडून तिकडे सरकवायचं. "डोळ्यांना दिसलं पाहिजे हो काम. तुमच्या त्या निळ्या ॲपमध्ये काम म्हणजे विहिरीत टाकलेला दगड."

"ईमेलला काय धाड भरलीय?" काका दाराबाहेरून म्हणाले.

मी म्हटलं, मतदान घेऊ. लोकशाही. पण मतदान घ्यायचं कुठे? निळ्या ॲपवर घेतलं तर कुलूप मत देणार नाही. त्याच्या मशीनवर घेतलं तर त्या दिवशी इस्त्री. शेवटी प्रत्येकाने आपापल्या जागी मतदान घेतलं. निळ्यावर निळं जिंकलं. बोर्डावर बोर्ड जिंकला. ईमेलमध्ये काकांनी एकट्याने मत दिलं, स्वतःचं अभिनंदन केलं आणि आभाराचं पत्र सगळ्यांना पाठवलं. कुलपाचा निकाल गुप्त होता, पण जिंकल्याचं त्याने कळवलं.

चार बैठका झाल्या. सॉफ्टवेअरची एक ओळ लिहून झाली नव्हती. ताईने बॅग काढून पलंगाखाली ठेवली होती, रिकामी. मी गेलो की ती चहा टाकायची आणि मग हळूच विचारायची, "झालं का रे काही?"

"पाया घालतोय, ताई."

"किती खोल घालतोयस?"

तिकडून भाचीचा मेसेज. नुसतं एक प्रश्नचिन्ह.

आणि मग मला ती कल्पना सुचली. अंघोळ करताना सुचली, म्हणजे अस्सलच असणार. भांडायचंच कशाला? ज्याला जे आवडतं ते त्याने वापरावं. मी मधे एक पूल बांधतो! छोटासा प्रोग्रॅम. निळ्या ॲपवर लिहिलेलं बोर्डावर उमटेल, बोर्डावरचं ईमेलने जाईल, ईमेलमधलं कुलपाच्या मशीनवर, आणि उलटही. कुणाला काही सोडायला नको.

पूल ऐकून तिघंही एकदम खूश झाले. पहिल्यांदाच. एकाच अटीवर, की पूल कुलपाच्या मशीनवर चालेल आणि पासवर्ड फक्त त्याच्याकडे राहील. मी म्हटलं, राहू दे.

ताई म्हणाली, "तुमचं काय चाललंय ते मलाही दिसू दे की." आता ताई आख्ख्या फोनमध्ये एकच गोष्ट उघडते, ती म्हणजे मदतनीसांचा ग्रुप. मी मोठ्या मनाने पुलाची एक वाट त्या ग्रुपमध्येही सोडली.

रविवारी सकाळी पूल तयार झाला. करून बघायचा होता. मी आपलं 'हॅलो हॅलो' असं काहीतरी लिहिणार, तेवढ्यात रंगारीणबाईंचा फोन. "खऱ्यासारखा मजकूर टाका हं. कार्ड कसं दिसतं ते मला बघायचंय. मागे एकाने नुसतं 'अबक' लिहिलं होतं, सगळी रंगसंगती फुकट गेली."

म्हणून मी खऱ्यासारखं लिहिलं. 'तातडीचं: एक व्हीलचेअर पाहिजे.' खाली पत्ता हवा, म्हणून माझ्याच घराचा पत्ता टाकला. दुसऱ्या कुणाचा टाकणं बरं दिसत नाही ना.

पाठवलं. क्षणात बोर्डावर पिवळं कार्ड उमटलं. सुंदर. डोळे भरून बघितलं, लॅपटॉप मिटला आणि दाढी करायला गेलो.

आता मिटलेल्या लॅपटॉपमागे काय घडलं ते ऐका. बोर्डाची एक सवय असते. नवं कार्ड आलं की तो सगळ्यांना सांगतो, 'नवं कार्ड आलं, तातडीचं: एक व्हीलचेअर पाहिजे.' पुलाला वाटलं, हा नवाच निरोप. त्याने तो ईमेलने धाडला. काका त्या दिवशी नातेवाइकांकडे गेले होते, आणि गावाला जाताना ते ईमेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून जातात, 'मी बाहेर आहे, आल्यावर कळवतो', आणि खाली अर्थातच मूळ पत्र जोडलेलं. ते उत्तर पुलाने उचललं आणि बोर्डावर नेलं. बोर्डाने नवं कार्ड केलं आणि सगळ्यांना सांगितलं. असं गरगर, गरगर. आणि प्रत्येक फेरीला ताईच्या ग्रुपमध्ये नवी मागणी. एक व्हीलचेअर. आणखी एक व्हीलचेअर. आणखी एक.

अर्ध्या गालाला साबण असताना बेल वाजली. बायकोने दार उघडलं.

"अहो, टेंपोवाले आलेत. पेशंट कुठंय विचारतायत."

टेंपोवाला म्हणजे ताईचा उजवा हात. दारात व्हीलचेअर घेऊन उभा. माझ्या अर्ध्या पांढऱ्या तोंडाकडे बघून त्याचा चेहरा पडला. "साहेब, कधीपासून असं?"

"अहो, साबण आहे तो. मला काही झालेलं नाही. टेस्ट होती फक्त."

"रिपोर्ट आला का?"

"तसली टेस्ट नाही हो."

"घाबरू नका साहेब," त्याने माझा हात हातात घेतला, "रिपोर्ट चुकतात पण."

मी त्याला समजावतोय तोवर जिन्यात आणखी चाकांचा आवाज. दोन पोरसवदा मदतनीस दोन खुर्च्या घेऊन. त्यांच्या मागे एक नर्सबाई, हातात वॉकर. "खुर्च्या संपल्या, म्हटलं असू दे हा." त्यांच्या मागे पलंग. आख्खा पलंग, चौघांनी धरलेला, वळणावर आडवा-उभा करत. तो घालायला त्यांनी आमचं जेवणाचं टेबल बाहेर काढलं. बायको शांतपणे म्हणाली, "गादी कुठल्या बाजूला हवी ते ह्यांना विचारा, हेच झोपणार आहेत आता त्याच्यावर."

शेजारचे वकील डोकावले. "किती जण आहेत हो जखमी?"

"एकही नाही."

"बरोबर. आत्ता काही बोलू नका," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

मी लॅपटॉप उघडला. बोर्ड पिवळाधमक झाला होता, हळदीच्या शेतासारखा. घाईघाईने लिहिलं, 'थांबा. कुणी येऊ नका. काही नको आहे.' पण पूल बांधताना मी एक हुशारी केली होती. कुठल्याही निरोपाला मूळ निरोपाचा मथळा आपोआप लागावा, म्हणजे संदर्भ सुटत नाही. त्यामुळे ग्रुपमध्ये गेलं ते असं: 'तातडीचं: थांबा. कुणी येऊ नका. काही नको आहे.'

टेंपोवाल्याने ते माझ्या शेजारी उभं राहून मोठ्याने वाचलं आणि ग्रुपला सांगितलं, "पेशंट खचलाय. सगळे या."

केंद्रातल्या खुर्च्या कधीच संपल्या होत्या. पण ताईची माणसं हार मानणारी नव्हेत. ज्यांच्या घरी बरं वाटत होतं त्यांच्याकडून ते परत मागून आणायला लागले, आणि लोक देतही होते. शिंपीणबाईंच्या सासऱ्यांनी खुर्चीतून उठून भिंत धरली आणि म्हणाले, न्या, त्याला जास्त गरज आहे. ही खुर्ची जिन्यात कुरकुरत आली तेव्हा, खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका आजींनी मात्र खुर्ची सोडली नाही. चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर आणलं. जरीच्या काठाचं पातळ, डोळ्यांना चष्मा, मांडीवर पर्स.

"खुर्ची देईन," त्या म्हणाल्या, "पण मी बरोबर राहीन. मागच्या वेळी एकाला दिली तर त्याने पाठीचा टेका काढून ठेवला होता. कोण आजारी आहे? तू? तू तर धडधाकट दिसतोस."

"मी धडधाकटच आहे, आजी."

"मग उभा काय राहिलास? चहा टाक."

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलरीत कुबड्या, मोरीत वॉकर, दारात कमोडची खुर्ची. वीस-पंचवीस माणसं, सगळी घामाघूम, सगळी माझ्याकडे मायेने बघतायत. एवढी माया मला ऑफिसात पंधरा वर्षांत मिळाली नव्हती. आणि फोन वाजला. ताई.

"काय झालंय तुला?" मागे शटर ओढल्याचा आवाज. "मी केंद्र बंद करून येतेय. लेकीला कळवते, मी काही येऊ शकत नाही म्हणून."

"ताई, थांब, कुणाला काही कळवू नकोस! मला काही झालेलं नाही, पूल गोल फिरतोय!"

"अरे देवा, चक्कर येतेय का तुला? पडून राहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता एकच उपाय होता. पूल बंद करणं. पासवर्ड कुलपाकडे. कुलपाचा फोन, नेहमीप्रमाणे, बंद. घर दोन गल्ल्या सोडून. म्हटलं, पळत जातो. ताई भाचीला फोन करायच्या आत पूल थांबला पाहिजे.

"साहेब, पळू नका, तुमची तब्येत..." टेंपोवाला मागून ओरडला.

मी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटलो. पहिलं वळण घेतलं. दुसऱ्या वळणावर एक मदतनीस वॉकर घेऊन वर येत होता. मी डावीकडे सरलो, तोही डावीकडे. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. मग मी उडी मारली. का मारली ते मला अजून कळलेलं नाही. उजवा पाय वॉकरच्या दांड्यांत गेला आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, वॉकर आणि तो बिचारा, खालच्या मजल्यापर्यंत एकत्र गेलो. एकत्र काम करणं म्हणतात ते हेच. तो माझ्यावर पडला, म्हणून वाचला. माझ्या पायातून मात्र वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला.

वरून सगळे धावत आले. टेंपोवाल्याने वाकून माझ्या घोट्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा समाधान पसरलं. त्याने फोन तोंडाजवळ धरून ग्रुपला कळवलं, "आहे, आहे. पेशंट आहे. फ्रॅक्चर. खोटं नव्हतं."

मी आयुष्यात माझ्याइतक्या वेगाने हॉस्पिटलात पोचणारा दुसरा माणूस बघितलेला नाही. खुर्ची तयार, टेंपो तयार, नर्स हजर. ताईची व्यवस्था म्हणजे घड्याळ.

आणि पूल? तो त्याच वेळी आपोआप थांबला. कुलपाच्या आईने इस्त्री लावली होती. दोन मिनिटं उशिरा निघालो असतो तर पाय शाबूत राहिला असता.

ताई हॉस्पिटलात आली तेव्हा माझं प्लास्टर वाळत होतं. तिने पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. म्हटलं, "ताई, भाचीला दिलेला शब्द गेला. सॉफ्टवेअर काही होत नाही."

डॉक्टर आले. ताईने विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने तरी घरीच. पाय वर ठेवून एका जागी बसायचं. हिंडणं-फिरणं बंद."

"एका जागी," ताई म्हणाली.

"एका जागी."

"डोकं ठीक आहे ना ह्याचं?"

"डोक्याला काही झालेलं नाही."

ताईच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मी उशीत मागे सरलो. तिने पर्स बाजूला ठेवली, स्टूल ओढलं आणि पलंगाला चिकटून बसली. "लक्ष देऊन ऐक. डावं चाक कुरकुरतं ती खुर्ची शिंपीणबाईंच्या सासऱ्यांकडे. टेका ढिला आहे ती आजींची, ती परत मागायची नाही, मागितली तर त्या येतात..."

ताईची बॅग भरली. ती गेली. भाचीला मुलगी झाली. ताईने फोन करून बाळाचं रडणं ऐकवलं, आणि मागून भाची म्हणाली, "मामा, पडलास ते बरं झालं." इतकं मनापासून माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

टीम अजून आहे. परवाच बैठक झाली, माझ्या पलंगाभोवती. तिघांनी मिळून पहिल्यांदाच एकमताने एक गोष्ट ठरवली, की मला टीममधून काढायचं. त्यानंतर म्हणे काम जोरात सुरू झालंय. कशावर बोलतात ते मला सांगत नाहीत.

मला स्वतःला खुर्ची मिळालेली नाही. सगळ्या जिथल्या तिथे परत गेल्या, एकही शिल्लक नव्हती. त्या शिल्लक नाहीत हे मीच मला सांगितलं, पाठ आहे ना.

तर तुमच्याकडे कुणाला व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या लागल्या तर मला फोन करा. कधीही करा, मी घरीच आहे. मेसेज तेवढा करू नका. टेंपो सुटतो.